डच उस्तादांच्या रीतीनं आपलं जंगल संगणकावर कसं रंगवावं

जंगलाचं चित्र काढायला बसलेला माणूस सगळ्यात आधी हिरवा रंग उचलतो. मीही तेच करायचो. भिंतीवर 'झाडे लावा' रंगवताना डब्यातला हिरवा तसाच फासायची सवय हाताला लागली होती. पुढं बोर्डाचं काम फ्लेक्सनं खाल्लं, मी लॅपटॉप आणि पेन टॅबलेट घेऊन बसलो, तरी ती सुटली नाही. माझी पहिली दहा-बारा जंगलं शेवाळलेल्या भिंतीसारखी दिसायची.

मग सतराव्या शतकातल्या डच चित्रकारांची जंगलं मोठी करून इंच-इंच पाहिली. त्यांच्या जंगलात हिरवा शोधावा लागतो. तपकिरी आहे, राखाडी आहे, पिवडी आहे, आणि मधेच एखाद्या खोडावर नाहीतर वाटेवर पडलेला उजेडाचा तुकडा आहे. आधी तो तुकडा कुठं पडणार हे ठरतं, झाडं मागाहून येतात. पुढं जे सांगणार आहे ते सगळं या एका गोष्टीवर उभं आहे.

कोणाचं काय बघायचं

दोन नावं पुरेत. नेदरलँड्समधल्या हार्लेमचा याकोब व्हान राउसडाल (मृत्यू १६८२) आणि त्याचा शिष्य माइंडर्ट हॉबेमा (१६३८–१७०९). राउसडालचं जंगल गंभीर असतं. वाकलेली खोडं, पडलेलं झाड, काळं पाणी, वर ढगांची गर्दी. हॉबेमाचं जंगल माणसाळलेलं, म्हणजे वाट आहे, एखादं घर आहे, झाडांच्या फटीतून पलीकडलं ऊन दिसतंय. आपल्याकडची पांदण रंगवायची असेल तर हॉबेमा जवळचा. नागझिऱ्याच्या बाजूचा दाट पट्टा रंगवायचा असेल तर राउसडाल.

अ‍ॅमस्टरडॅमचं राइक्सम्युझियम आणि वॉशिंग्टनची नॅशनल गॅलरी ऑफ आर्ट आपल्या संग्रहातल्या अशा चित्रांच्या मोठ्या प्रतिमा फुकट उतरवू देतात. वॉशिंग्टनमधलं राउसडालचं जंगलाचं चित्र, साधारण १६५५ सालचं, सुरुवातीला चांगलं. उतरवल्यावर लगेच नक्कल करत बसू नका. आधी ते काडेपेटीएवढं लहान करा आणि रंग काढून टाका. आता उजेडाचे डाग मोजा. बहुतेक वेळा तीन-चारच निघतात, त्यात एक मोठा आणि बाकीचे त्याचे नातेवाईक. अशी दहा चित्रं केलीत की पुढचं अर्धं काम झालं.

आपल्याकडे तसा उजेड कधी असतो

हे मला कोणी सांगितलं नव्हतं, आणि त्यापायी एक उन्हाळा वाया गेला. हार्लेम ५२ अक्षांशावर आहे, नागपूर २१ वर. तिथं ऐन जूनमध्येही दुपारचा सूर्य ६१ अंशांच्या वर चढत नाही. आपल्याकडे मेच्या अखेरीस तो थेट डोक्यावर येतो. झाडाची सावली झाडाच्याच पायाशी गोळा होते, आभाळ पांढरंफटक पडतं, सागाला पान नसतं. त्या उजेडात डच जंगल होत नाही. तेव्हाचे फोटो घेऊन कितीही घासा.

श्रावण-भादव्यात मात्र आभाळ स्वतःच डच होतं. ढग तुटलेले, ऊन वावरावरून पळत जातं, मागचा सागवान काळा पडलेला आणि मधलं एकच खाचर लख्ख. त्याच दिवसांत सागावर फिकट पिवळसर तुरे असतात, त्यावर ऊन आलं की शेंडे आपोआप सुटे दिसतात. दुसरा हंगाम डिसेंबर-जानेवारीचा. तेव्हा आपला दुपारचा सूर्यही ४५ अंशांच्या आसपासच असतो, आणि सकाळी मामा तलावावर धुकं असतं. मामा म्हणजे माजी मालगुजारी, पूर्वी मालगुजारांच्या (जमीनदारांच्या) ताब्यात असलेले. भंडारा-गोंदियाकडचे असे बरेच तलाव कोहळी लोकांनी खोदले आणि बांधले. पाळीवर जुनी झाडं, खाली स्थिर पाणी, पलीकडे जंगलाची रेघ. राउसडालला हवं होतं ते सगळं आयतं मिळतं.

फोटो मोबाईलचे चालतात, पण एक्स्पोजर आभाळावर धरून घ्या, म्हणजे सावल्या एकसंध काळ्या येतात. सोबत वहीत पाच मिनिटांचं पेन्सिलीचं टिपण करा. डच मंडळीही बाहेर टिपणं करून चित्र खोलीत बसूनच रंगवायची, तेव्हा खोलीत बसून रंगवण्यात कमीपणा नाही. आणि टिपणासाठी जंगलात एकट्यानं शिरू नका. मोह वेचायच्या दिवसांत पहाटे अस्वल कुठं असतं हे गावात कोणालाही विचारा.

सामान

क्रिटा हे सॉफ्टवेअर फुकट आहे आणि या कामाला पुरून उरतं. चार जीबी रॅमचा जुना लॅपटॉप असेल तर कॅनव्हास २५०० पिक्सेल रुंद ठेवा, आठ जीबी असेल तर ४००० बाय २७००. हे दुसरं माप ३०० डीपीआयला साधारण १३ बाय ९ इंच छापतं. पेन टॅबलेट स्वस्तातला, लहान आकाराचा घेतला तरी चालतो, फक्त दाबानुसार रेघ बदलली पाहिजे. नुसता मोबाईल असेल तर आयबिस पेंटमध्ये हीच रीत चालते, बोटाऐवजी स्टायलस घ्या एवढंच.

लाईन जाते, हे धरूनच चाला. माझं चार तासांचं आभाळ एकदा असंच गेलं, आणि दुसऱ्यांदा काढलेलं तितकं चांगलं जमलं नाही. क्रिटात कंट्रोल, ऑल्ट आणि एस एकत्र दाबलं की फाईलची पुढच्या नंबरची नवी प्रत तयार होते. अर्ध्या तासानं एकदा दाबायची. जुनी प्रत राहतेच, त्यामुळे बिघडलेल्या चित्रातून मागं येता येतं.

ब्रश तीन घ्या. एक कडक कडेचा गोल, एक केसाळ ब्रिसलचा, एक विस्कटलेल्या डागांचा. 'पानांचा ब्रश' म्हणून जे मिळतात ते सुरुवातीला काढूनच टाका. त्यांनी काढलेलं प्रत्येक झाड एकाच कारखान्यातून आल्यासारखं दिसतं.

काडेपेटीएवढं चित्र

एका पानावर सहा लहान चौकटी आखा. प्रत्येकीत फक्त तीन छटा: गडद, मधली, उजळ. रेघा नकोत, डागच ठेवा. क्षितिज खालच्या एक तृतीयांशावर. दाट जंगल असेल तर क्षितिज दिसत नाही, तरी ते कुठं आहे हे ठरवून ठेवा, नाहीतर वाट तरंगते.

खोली आणायची युक्ती आपल्या झाडीपट्टीच्या नाटकांत लहानपणापासून पाहिलेली आहे. मागं जंगलाचा पडदा, दोन्ही बाजूंना पुढं सरकवलेल्या विंगा, आणि उजेड मधल्या पट्ट्यात. डच चित्रातही पुढचा कोपरा जवळजवळ काळा असतो. त्यात एखादं खोड, झुडूप किंवा दरड. डोळा त्या अंधारावरून उडी मारून मागच्या उजेडात जातो. फरक एवढाच की विंगा दोन्हीकडे सारख्या नसतात. एक बाजू जड, दुसरी हलकी, आणि वाट तिरपी आत जाणारी.

सरळ वाटेचं चित्र करायचं असेल तर हॉबेमाचं १६८९ सालचं 'मिडेलहार्निसचा रस्ता' बघा, लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. मधोमध रस्ता, दोन्हीकडं किरकोळ उंच झाडं, बाकी आभाळच आभाळ. त्यानं पुढच्या बाजूला रस्त्याच्या कडेला आणखी झाडं काढली होती आणि मग रंगाखाली बुजवून टाकली, हे क्ष-किरणांत दिसलं. म्हणजे आपण कंट्रोल-झेड दाबतो, तेच त्यानं केलं. बांधणी जमली नाही तर झाड काढून टाकायला लाजू नका.

जागेशी किती इमान राखायचं, हेही इथंच ठरवा. राउसडालनं बेंटहाइमचा किल्ला पुन्हा पुन्हा रंगवला. किल्ला खरा बसलाय एका बुटक्या टेकाडावर, चित्रात मात्र डोंगरावर. गावामागची टेकडी हातभर उंच केली तर पाप लागत नाही. पण मोहाच्या जागी ओक काढू नका. रीत डचांची घ्यायची, झाडं आपलीच ठेवायची.

अस्तर आणि मेलेला रंग

पांढऱ्या कॅनव्हासवर थेट सुरुवात करू नका. पांढऱ्यावर प्रत्येक रंग गडद वाटतो आणि हात घाबरून फिकट लावत जातो. पिवडीत थोडी काव मिसळल्यासारखं अस्तर मारा. आकड्यांत सांगायचं तर ह्यू (रंगाची जात) ३२, सॅच्युरेशन (भडकपणा) ३५, व्हॅल्यू (उजळपणा) ५० च्या आसपास. हे अस्तर शेवटपर्यंत कुठं कुठं उघडं राहिलं पाहिजे, विशेषतः सावलीत. जुन्या चित्रांना एकसंधपणा येतो त्यात या उघड्या राहिलेल्या अस्तराचा वाटा मोठा आहे.

त्यावर एकाच गडद तपकिरीनं सगळं चित्र मांडा. डच लोक या पायरीला 'मेलेला रंग' म्हणत. काडेपेटीएवढ्या चित्रातले तीन छटांचे डाग इथं मोठे करायचे. मोठा ब्रश, पंचवीस मिनिटं, पान एकही नाही. घरी हे बघून आमचे काका म्हणाले होते, "काहून रे बापा, झाडं काढायची सोडून तू तं अंधारच काढून ठेवला!" या टप्प्यावर तेच व्हायला हवं.

दोन बंधनं पाळा. सगळ्यात गडद जागाही व्हॅल्यू १० च्या खाली नको आणि उजेडही ९५ च्या वर नको. आणि सगळ्यात वर एक काळा थर (लेयर) भरून त्याचा ब्लेंडिंग मोड, म्हणजे खालच्या थरांत मिसळायची पद्धत, 'कलर' ठेवा. तो चालू केला की चित्र करड्या छटांत दिसतं. दर दहा मिनिटांनी चालू-बंद करून पाहा. मधूनच एम दाबून चित्र आरशासारखं उलटं करा, कललेली झाडं लगेच पकडली जातात.

थर पाच ठेवा: अस्तर, आभाळ, लांबचं, मधलं, पुढचं. चाळीस थर करणारा माणूस चित्र सोडून थरच शोधत बसतो.

आभाळ

आभाळ आधी, झाडं नंतर, कारण जमिनीवरचा उजेड ढगांच्या फटीतून आलेला असतो. वर राखट निळा (ह्यू २१०, सॅच्युरेशन २०, व्हॅल्यू ६८), क्षितिजाकडे दुधाळ पिवळसर (ह्यू ४२, सॅच्युरेशन १२, व्हॅल्यू ९०). ढगांनाही अंतर असतं. डोक्यावरचे मोठे, क्षितिजाजवळचे लहान, चपटे, एकमेकांवर चढलेले. ढगाची उजेडाकडची कड कडक, सावलीकडची मऊ. दोन्ही कडा मऊ केल्या की कापूस होतो. आणि जमिनीवर ऊन जिथं पाडायचंय तिथं वर फट आहे ना, ते एकदा तपासा. बघणाऱ्याला चूक सांगता येत नाही, पण खटकते.

झाडं

आता खरं काम. राउसडालच्या चित्रातली झाडं जातीनं ओळखू येतात, हा ओक, हा बर्च. 'एक झाड' असं त्यानं काढलेलं नसतं, आपणही काढू नये. साग सरळसोट, पानं परातीएवढी, त्यामुळे पर्णसंभार तुटक डागांचा आणि मधे भरपूर फटी. मोह घुमटासारखा, गच्च, खाली सावली काळीभोर. पळस कायम वाकडा, फांदी कुठं जाईल त्याचा भरवसा नाही. ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी चौकटी-चौकटींची, तिरप्या उन्हात फार कामाची. चिंच बारीक पानांची, तिच्या कडेला धुरासारखी मऊ सीमा येते. बांबूचं बेट पुढच्या कोपऱ्यात विंग म्हणून ठेवा.

डच जंगलात पांढुरक्या खोडाचा बर्च फार कामाचा असतो. काळ्या पाण्याशी तिरपा उभा राहून तो उजेड पकडतो. त्याच्या जागी आपल्याकडे काय, हा प्रश्न मला बरेच दिवस पडला होता. उत्तर ओढ्याच्या काठीच होतं. अर्जुन! साल गुळगुळीत, फिकट राखाडी, पाण्याच्या कडेनंच वाढणारा, आणि बऱ्याचदा पाण्यावर झुकलेला. मोठा उजेडाचा डाग अर्जुनाच्या खोडावर टाकून पाहा.

काढायचा क्रम असा. आधी खोड आणि दोन-तीन मुख्य फांद्या, मुळाशी जाड, वर निमुळत्या. मग सावलीच्या रंगानं पर्णसंभाराचे चार-पाच मोठे गठ्ठे. ह्यू ४०, सॅच्युरेशन ५०, व्हॅल्यू २०, म्हणजे जवळजवळ तपकिरीच. प्रत्येक गठ्ठा हा गोळा आहे असं समजा. एका बाजूनं उजेड, खाली सावली. त्यावर मधली छटा. सगळ्यात शेवटी उजेडाची पानं, ह्यू ६० ते ७०, सॅच्युरेशन ४५ च्या आत, व्हॅल्यू ७० पर्यंत. हा रंग चित्राच्या दहाव्या हिश्श्यापेक्षा जास्त जागेवर नको. सुटी पानं फक्त गठ्ठ्याच्या कडेला आणि मोठ्या उजेडाच्या डागात काढा, बाकी ठिकाणी बघणाऱ्याचा डोळा ती स्वतः भरतो.

मग आभाळाच्या रंगानं पानांत भोकं पाडा. भोकातलं आभाळ उघड्या आभाळापेक्षा थोडं गडद हवं, कारण कडेची पानं त्यातला उजेड खातात. तोच रंग तसाच लावला तर झाडावर चुना उडाल्यासारखा दिसतो. हीच चूक मी सगळ्यात जास्त वेळा केली आहे.

हिरव्याबद्दल एक गंमत. त्या काळी चांगला टिकाऊ हिरवा सहज मिळत नसे, म्हणून चित्रकार निळा आणि पिवळा मिसळून पानं करत. त्यातले वनस्पतींपासून केलेले पिवळे रंग काळानं उडाले आणि बऱ्याच जुन्या चित्रांतली पानं आज निळसर दिसतात. स्मॉल्ट नावाचा काचेपासून केलेला निळा काही ठिकाणी राखाडी पडलाय. तेव्हा प्रतिमेतून रंग जसाच्या तसा उचलून आणलात तर तुम्ही साडेतीनशे वर्षांची झीज नक्कल करताय. छटांची मांडणी उचला, रंग आपल्या टिपणावरून घ्या.

पातळ हात

तैलरंगात सावली पातळ आणि पारदर्शक, उजेड जाड आणि अपारदर्शक, असा दंडक होता. पडद्यावर जाडी नसते, पण हिशेब तोच ठेवता येतो. सावल्यांवर नवा थर घ्या, मोड 'मल्टिप्लाय' (खालचा रंग गडद करणारा), ओपॅसिटी म्हणजे अपारदर्शकता २० टक्के, आणि तपकिरीचा एक पातळ हात मारा. लांबच्या झाडांवर साध्या मोडमध्ये फिकट निळसर राखाडीचा (ह्यू २००, सॅच्युरेशन १२, व्हॅल्यू ६५) हात. उजेडाचे डाग मात्र साध्या थरावर, पूर्ण ताकदीनं, ब्रिसलच्या ब्रशनं, एका फटक्यात. तिथं घोटत बसलात की गेलं.

सगळं झाल्यावर चित्र 'जुनं' दिसावं म्हणून वरून पिवळा थर आणि तडे टाकायची एक फॅशन आहे. मला ती पटत नाही. तो पिवळेपणा वार्निशचा असतो, जुनी चित्रं साफ केली की खाली थंड, मोकळं आभाळ निघतं.

माणसं, जनावरं

राउसडालच्या बऱ्याच चित्रांतली माणसं दुसऱ्या चित्रकारांनी काढलेली आहेत. तेव्हा माणूस जमत नसेल तरी घाबरू नका. दोन-तीन डागच तर टाकायचे असतात. पाठमोरा गुराखी, दोन म्हशी, वळणावर दिसेनाशी होणारी बंडी. उंची चित्राच्या विसाव्या भागाएवढी पुरे. एखाद्या पागोट्याला नाहीतर लुगड्याला लाल द्या, चित्रभर तेवढाच लाल. मात्र हे डाग मोठ्या उजेडाच्या आत किंवा त्याच्या काठावरच ठेवा, अंधारात लपवलेला गुराखी कोणाला दिसत नाही.

छापायला देताना

पडद्यामागून उजेड येतो, कागदामागून येत नाही. जंगलाच्या सावल्या छपाईत हमखास बुजतात. क्रिटात कंट्रोल-वाय दाबलं की छपाईत रंग कसे उतरतील याचा अंदाज दिसतो, आणि लॅपटॉपचा ब्राइटनेस निम्म्यावर आणून तपासलं तर आणखी बरं. छापायच्या प्रतीत सावल्या थोड्या उचला, मूळ फाईलला हात लावू नका. दुकानात पीएनजी किंवा टिफ द्या, व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवू नका, तिथं तो दाबला जातो. फ्लेक्सवर हे चित्र मरतं, मॅट कागद मागा. आणि पूर्ण आकारात छापण्याआधी सगळ्यात गडद कोपऱ्याची एक ए-फोर पट्टी काढून घ्या. दुकानातल्या ट्यूबलाईटखाली तिचा अंदाज येत नाही, बाहेर उन्हात नेऊन बघा, आणि कोपऱ्यातलं खोड दिसत नसेल तर परत घरी जा.